भाव वाचायला शिकताना

मंडळी, रेसला जाणाऱ्या माणसाला सगळे एकच विचारतात, "आज कुठला घोडा येणार?" मीही बरीच वर्षं हेच विचारत होतो. आज मला एवढंच मांडायचंय की हा प्रश्न अपुरा आहे. या घोड्याची जिंकण्याची शक्यता किती, आणि मिळणारा भाव त्या शक्यतेला पुरतो का, असं विचारायला हवं.

फळ्यावर एक रेस लिहितो. सहा घोडे. भाव आहेत दीड, तीन, चार, सात, नऊ आणि नऊ. भाव तीन म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर तीन रुपये नफा, शिवाय लावलेला रुपया परत. प्रत्येक भावात एक मिळवा आणि त्या आकड्यानं शंभराला भागा. दीडवाल्याचे येतात ४० टक्के, तीनवाल्याचे २५, चारवाल्याचे २०, सातवाल्याचे साडेबारा, आणि नऊवाल्या दोघांचे दहा-दहा. आता बेरीज करा. ११७.५. जिंकणार तर एकच, मग बेरीज शंभर व्हायला हवी होती. वरचे साडेसतरा बुकीचे, म्हणजे पैज घेणाऱ्याचे. याच प्रमाणात सहाही घोड्यांवर मिळून ११७.५ लावलेत, तर कुणीही येवो, हातात १०० पडतात. लावलेल्या दर शंभरातले जवळजवळ पंधरा गेले. ही बेरीज न करता रेस खेळणारा माणूस खड्डा किती खोल आहे हे न बघताच उडी मारतो.

टोटचं, म्हणजे सगळ्यांच्या पैशांच्या सामायिक साठ्यातून चालणाऱ्या बेटिंगचं, गणित वेगळं. ही पद्धत जोसेफ ऑलेर यांनी १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये काढली. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून कापायचं ते कापलं जातं आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. भाव खिडकी बंद होईपर्यंत हलत राहतो. म्हणजे तिथं तुमची लढत शेजारी उभ्या असलेल्या पब्लिकशी असते. पब्लिक जिथं चुकेल तिथंच तुम्हाला जागा.

आणि पब्लिक चुकतं कुठं? रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली अमेरिकेतल्या रेसचे भाव तपासले. लांब, म्हणजे मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लागत होता आणि फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर, कमी. नंतर अनेक देशांत हेच दिसलं. पन्नासच्या भावाचं फ्ल्यूक एकदा लागलं की माणूस ते जन्मभर सांगतो, न लागलेली कुणी मोजत नाही. पण म्हणून डोळे झाकून फेव्हरिट खेळा असं मी म्हणत नाही. ढोबळ मानानं तीनातल्या एका रेसमध्ये फेव्हरिट येतो, तरी बुकीचा वाटा भरून निघेल इतका फरक बहुधा उरत नाही.

म्हणून शक्यता स्वतः काढायला शिकायचं. रेसबुकात मागच्या धावांचे आकडे असतात. १, ४, ७ एवढंच वाचून थांबू नका. चौथा आला तो कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे दर्जाच्या गटात, किती फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर), पाठीवर किती वजन घेऊन, ओल्या ट्रॅकवर की कोरड्या, हे बघा. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याला जादा वजन देतात ते सगळ्यांना जवळ आणण्यासाठीच. त्यामुळे मागची रेस जिंकलेला घोडा आज तोच घोडा नसतो.

माझ्या वहीतली एक नोंद दाखवतो. हा घोडा सात फर्लांगांत पाचवा आला होता. कागदावर पाचवा म्हणजे काहीच नाही. पण मी लिहिलंय, "शेवटच्या वळणावर रेलला, म्हणजे कडेच्या कठड्याला अडकला, पुढं घोड्यांची भिंत, जॉकीनं लगाम ओढला, मोकळीक मिळाल्यावर शेवटच्या शंभर मीटरमध्ये चार जणांना मागं टाकलं." पुढच्या वेळी तो आठ फर्लांगांत उतरला. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथं, शांत होता, अंगावर घामाचा फेस नव्हता. माझ्या हिशेबानं शक्यता २५ टक्के, आणि भाव सहा. २५ टक्क्यांना तीनचा भाव पुरतो, इथं दुप्पट मिळत होता. मी लावले. घोडा थोडक्यात दुसरा आला. पैसे गेले, पण त्या ओळीसमोर मी "बरोबर" असंच लिहिलंय आणि आजही तेच लिहीन.

स्वतःच्या अंदाजावर फार भाळूही नका. बिल बेंटर यांनी संगणकाच्या मदतीनं हाँगकाँगच्या रेसवर प्रचंड कमाई केली. १९९४ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी दाखवलं की एकट्या संगणकी मॉडेलपेक्षा पब्लिकच्या भावातून निघणारा अंदाज त्यात मिसळला की निकाल सुधारतो. तुमचे ४० टक्के आणि पब्लिकचे १०, एवढी तफावत असेल तर आधी समजा की तुमच्या नजरेतून काहीतरी निसटलंय.

आता पैशाचं, आणि हे मी कळकळीनं सांगतो. शक्यता २० टक्के असताना ओळीनं दहा डाव हरण्याची पाळी सुमारे ११ टक्के वेळा येते. म्हणजे नशीब फिरलं असं नाही, हे होणारच. त्या वेळी दुप्पट लावत भरून काढायला गेलात तर शंभरानं सुरू केलेला माणूस आठ वेळा हरल्यावर २५,५०० घालवून नवव्या डावाला २५,६०० शोधत फिरतो. मी अशा माणसांना उसने मागताना पाहिलंय. रेससाठी वेगळी काढलेली, गेली तरी घर हलणार नाही अशीच रक्कम वापरा. किती रक्कम लावावी हे सांगणाऱ्या जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्रानुसार २५ टक्के शक्यतेला चारचा भाव मिळाला तर त्या रकमेचा सव्वासहा टक्के भाग लावावा. आपला अंदाज चुकू शकतो म्हणून मी त्याचाही चौथा हिस्साच लावतो.

वहीत शेवटचा रकाना आहे, त्यावर "सोडली" असं लिहिलंय. बेरीज पटली नाही, भाव पुरला नाही, घोड्यांची माहिती नव्हती, अशा रेस तिथं जातात. सुरुवातीच्या पानांवर तो रकाना रिकामा आहे. अलीकडच्या पानांवर दिवसाच्या आठ रेसपैकी सहा-सात तिथंच सापडतात.