फऱ्याआडची गाठ

[दृश्य: रविवार पेठ, शिवणकामाचं दुकान]

पायमशीनवर ब्लाउजचा गळा चाललाय. सुईखालून अस्तर सरकतंय, वळणाशी ताईंची बोटं कापड फिरवतायत. नजर हलली की टाका चुकतो. म्हणून मान खाली, आणि उजवा खांदा कानाकडे चढलेला. गळा पुरा होईपर्यंत तो खाली उतरत नाही.

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मणक्यांवर ते सरळ तोललेलं असेल तर स्नायूंना फार काम पडत नाही. पुढे झुकलं की मानेमागचे आणि दोन फऱ्यांमधले, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या चपट्या हाडांमधले, स्नायू ते तासन्‌तास ओढून धरतात. असा दमलेला स्नायू सैल पडायचं सोडून आखडतो. फऱ्याच्या आतल्या कडेशी गोळा येतो, मान वळत नाही. कुणी म्हणतं उसण भरली, कुणी म्हणतं गॅस धरला. दुखतं तिथे, पण मूळ पुष्कळदा मानेच्या खालच्या मणक्यांत असतं. म्हणून फिजिओथेरपिस्टचे हात आधी मानेवर जातात. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी झिजलेली दिसली की माणूस धास्तावतो. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही ती झीज दिसते. नुसत्या रिपोर्टवर घाबरू नये.

[दृश्य: मोजा, चेंडू, भिंत]

गोळा आला त्या दिवशी जोर लावून ताणायचं नाही, स्नायू आणखी घट्ट होतो. पंधरा मिनिटं शेक, गरम पाण्याची पिशवी आणि पाठ यांच्यामध्ये टॉवेल. मग लांब मोज्यात टेनिसचा चेंडू घालायचा, मोजा खांद्यावरून पाठीवर सोडायचा आणि भिंतीला टेकायचं. चेंडू मणका आणि फरा यांच्या मधल्या मांसल जागेत. मणक्यावर कधीच नाही. श्वास अडकला तर दाब जास्त झाला. एका जागी अर्धा ते एक मिनिट पुरे. दुसऱ्या दिवशी जागा ठणकली, तर पुढच्या वेळी हलक्याने टेकायचं.

चेंडूचा आराम काही तासांचा. मालिशचंही तेच. लोक वर्षानुवर्षं तिथेच थांबतात.

[दृश्य: मशीनचे पाय]

स्टूल बुटकं, म्हणून खांदे वर. त्यावर घट्ट गादी घातली आणि कोपरं टेबलाच्या बरोबरीला आली. मशीनच्या मागच्या दोन पायांखाली पाचेक सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे दिले, की टेबल शिवणाऱ्याकडे कलतं आणि मान कमी वाकते. ठोकळ्यांना खोबण हवी. सपाट असले तर पायडल मारताना मशीन निसटतं. सुईपाशी दिवाही हवाच, कारण अंधारात माणूस आपोआप पुढे वाकतो.

[दृश्य: खिडकी, रबरी पट्टा]

खरं काम इथे आहे. पट्टा खिडकीच्या गजाला, कोपराच्या उंचीवर, टोकं दोन्ही हातांत. कोपरं बरगड्यांना घासून मागे न्यायची, फरे एकमेकांकडे आणि किंचित खाली. परत येताना सावकाश, तीन आकडे मोजत. बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

आता खांद्यांकडे बघा. आठव्या वेळेला ते कानाकडे चढू लागलेत. आधीच आखडलेला वरचा स्नायू आता ओढायला लागलाय, फऱ्यांमधले सुटलेत. इथे थांबायचं आणि हलका पट्टा घ्यायचा. आकडा पुरा करायच्या नादात नेमका उलटा व्यायाम होतो.

हात बधिर होणं, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, संध्याकाळी ताप आणि वजन घटणं, यांतलं काही असेल तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर. छातीत कळ आणि घाम असेल तर तडक हॉस्पिटल.

ताकद यायला सहा ते बारा आठवडे लागतात. लग्नसराईत ऑर्डरी वाढल्या की सगळ्यात आधी सुटतो तो पट्टाच. तेव्हा तीन फेऱ्यांची एक करा, पण आठवड्याचे तीन दिवस तेच ठेवा.