मधली खुर्ची कुणाची?

(ठाण्यात, नौपाड्यातल्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

१९७९ साली सोनी कंपनीनं पहिला वॉकमन विक्रीला आणला, तेव्हा त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि छोट्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अकिओ मोरिता, यांनी आत्मचरित्रात याचं कारण सांगितलंय. चारचौघांत एकट्यानंच कानाला गाणं लावून बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी त्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात लोकांना तो वॉकमन आपल्यापुरताच हवा होता. दुसरी जागा रिकामी राहिली आणि नारिंगी बटण पुढे गेलंच.

आज आपल्यापुढे जो विषय आहे, त्याचं बीज इथे आहे. घरात बऱ्यापैकी यंत्रणा आहे, म्हणजे तबकडी फिरवणारं टर्नटेबल आहे, आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आहे, नीट निवडून घेतलेले दोन स्पीकर आहेत. तर त्यावर गाणं एकट्यानं ऐकावं, की माणसं बोलावून? मी माझं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र तपासायचं असेल तर एकट्यानं बसा. गाणं ऐकायचं असेल तर अधूनमधून तरी चार माणसं बोलवा. आपल्या हौशी मंडळींत बहुतेक ठिकाणी नेमकं याच्या उलट चालतं, आणि त्यात दोन्हीचं नुकसान होतं.

थोडं मागे जाऊ. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. त्या काळच्या ग्रामोफोनला विजेचा संबंध नव्हता. चावी द्यायची, कर्ण्यातून आवाज यायचा, तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपायची. ज्यांच्या घरी हे यंत्र असे, त्यांच्या ओसरीवर आळी जमायची. पुढे रेडिओचंही तेच झालं. चाळीत एका खोलीत रेडिओ लागला की गॅलरीतल्या सगळ्यांना गाणं मिळायचं. म्हणजे घरात बसून ध्वनिमुद्रित गाणं ऐकण्याची आपली पहिली पन्नास-साठ वर्षं ही समूहातच गेली. त्यातही एकटेपण नव्हतं असं नाही. लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ती तबकडी त्यांच्या आसपासच्या कितीतरी लोकांच्या कानांवरून गेली असेल. घर सोडलं एकानंच.

मग ही एकट्याची खुर्ची आली कुठून? माझ्या मते ती स्टिरिओनं, म्हणजे दोन स्पीकरमधून वेगवेगळा आवाज देण्याच्या पद्धतीनं आणली. इंग्लंडमधले अभियंते अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि स्टिरिओ तबकड्या सर्रास मिळू लागल्या १९५८ च्या सुमारास. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा समभुज त्रिकोण झाला की गायक बरोबर मधोमध उभा राहतो, तानपुरे मागे जातात, तबला एका अंगाला बसतो. फार सुंदर अनुभव आहे तो. पण त्या त्रिकोणाला टोक एकच असतं! तुम्ही बाजूच्या खुर्चीवर सरकलात आणि दोन स्पीकरपासूनच्या तुमच्या अंतरात फूटभर फरक पडला, तर जवळच्या स्पीकरचा आवाज सुमारे एक मिलीसेकंद आधी पोचतो. कानाला तेवढं पुरतं. तो सगळं गाणं त्याच स्पीकरमध्ये नेऊन ठेवतो. मोनोच्या, म्हणजे सगळा आवाज एकत्रच देण्याच्या काळात खोलीत वाईट जागा अशी फारशी नव्हती. स्टिरिओनं एक उत्तम जागा दिली आणि बाकीच्या जागांचं मोल कमी केलं.

आता आपल्या घरांकडे या. पाचपाखाडीत, वर्तकनगरला, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, तिकडे वाशी-नेरूळला, ज्या खोलीत यंत्रणा लावायची ती दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६-५७ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांची, आवाजाची एक लहर अडकते आणि तिच्या दुप्पट, ११३ च्या आसपास, दुसरी. पहिली लहर खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते, दुसरी तिथेच जोरात असते, आणि भिंतीला टेकून बसलात तर दोन्ही फुगतात. डग्ग्याचा आवाज याच टापूत येतो. त्यामुळे भिंतीकडेच्या दिवाणावर बसलेल्या माणसाला डग्गा ढोलासारखा ऐकू येतो, आणि मध्ये बसलेला म्हणतो, छे, अगदी आटोपशीर आहे. दोघंही खरं सांगत असतात. पण यावरून अ‍ॅम्प्लिफायरवर वाद सुरू होतो आणि संध्याकाळ त्यातच जाते.

त्यात माणसं स्वतः आवाज शोषतात. हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन यांच्यावर एका व्याख्यानगृहातला घुमणारा आवाज काबूत आणायचं काम आलं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि दिवस उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्या खटपटीतून खोलीच्या ध्वनिशास्त्राचं पहिलं सूत्र निघालं. गादी आवाज शोषते, तसा बसलेला माणूसही शोषतो, आणि तो वरच्या पट्ट्या जास्त शोषतो. तुम्ही एकट्यानं बसून जी यंत्रणा महिनोन् महिने जुळवलीत, ती सहा माणसं आल्यावर त्याच खोलीत वेगळी वाजते. तबल्याच्या चाटीची धार जराशी बोथट होते. अशा वेळी दोन केबलींमधला किंवा दोन कार्ट्रिजांमधला (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) फरक ठरवायला बसणं व्यर्थ आहे.

तरीही तेच होतं. मी अशा बऱ्याच बैठकांना गेलोय. कुणी नवा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचे आकडे आवाजाच्या विद्युतलहरींत बदलणारं यंत्र आणतो, कुणी कार्ट्रिज. मग एकच तुकडा मिनिटभर वाजवायचा, थांबवायचं, वायर बदलायची, पुन्हा तोच तुकडा. ख्यालाचा आलाप समेच्या तोंडाशी तोडलेला मी पाहिलाय, कारण 'एवढ्यावरून कळलं'. काय कळलं? दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्यानं वाजत असेल, तर बहुतेकांना तेच सरस वाटतं. आवाजाची पातळी मीटरनं सारखी केल्याशिवाय कुठलीही तुलना करू नये, ही या छंदातली प्राथमिक गोष्ट आहे, आणि चहा-भजी चालू असलेल्या खोलीत ती कुणी पाळत नाही. हा गाणाऱ्याचा अपमान आहे, असं मी अगदी गंभीरपणे म्हणतो. त्या माणसानं आयुष्य घालून तो आलाप मांडलेला असतो.

म्हणून यंत्राचं काम एकट्यानं करावं. सुई उतरवा, खुर्ची वीतभर पुढे घ्या, स्पीकर भिंतीपासून दूर करा, आवाज मोजा, तीच बाजू पुन्हा लावा. यात दुसऱ्या कुणाची परीक्षा पाहू नये.

पण एकट्यानं ऐकण्याचं सुख एवढंच नाही, आणि ते मला कमी लेखायचं नाही. एखाद्या तानेचा उलगडा होत नसेल तर तोच भाग कितीही वेळा मागे नेऊन ऐकता येतो. मोठ्या ख्यालाच्या विलंबितात, एका आवर्तनातून दुसऱ्यात जाताना, आपलं मन कुठे घसरतं ते स्वतःला नीट कळतं. समोर कुणी नसल्यामुळे आवडल्याचा आव आणावा लागत नाही, आणि डोळे भरून आले तर ते कुणापासून लपवावे लागत नाहीत. घरातलं माणूस गेल्यावर काही महिने मी फक्त एकट्यानंच ऐकत होतो, आणि तेव्हा दुसरं कुणी खोलीत असतं तर मला ते जमलं नसतं.

त्याला मर्यादाही आहेत. फ्लॅटमध्ये एकट्याची वेळ म्हणजे रात्रीची, आणि रात्री आवाज खाली ठेवावा लागतो. शेजाऱ्यांच्या भिंतीला आपली भिंत लागून असते, त्यांच्या घरी लहान मूल असतं, कुणाची पहाटेची लोकल असते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज जितका खाली, तितके खर्जातले स्वर कानाला जास्त कमी होतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' असं बटण असायचं ते यासाठीच. त्यामुळे रात्री अकराला आपण जो डग्गा ऐकतो, तो पूर्ण डग्गा नसतो. हेडफोन लावला तर खर्ज मिळतो, पण गाणारा समोरून उठून डोक्यात येऊन बसतो. मला ते फार वेळ सहन होत नाही.

दुसरी मर्यादा जास्त चिंतेची आहे. एकटा माणूस सुई उचलतो. कंटाळा आला, उचलली. फोन वाजला, उचलली. आता तर सुईही नाही, बोटानं पुढे सरकवलं की झालं. शेजारी कुणी बसलेलं असलं की आपण तसं करत नाही. केवळ भिडेपोटी का होईना, बाजू संपेपर्यंत बसतो, आणि पुष्कळदा चौदाव्या-पंधराव्या मिनिटाला राग उलगडायला लागतो.

आमच्याकडे काही मित्र महिन्यातून एकदा रविवारी दुपारी जमतात. एका खेपेला एक तबलावादक गृहस्थ आले होते. त्यांना हायफायमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांची एक बाजू लावली होती. मी ती कित्येकदा ऐकलेली. माझं लक्ष नेहमीप्रमाणे आवाजावर, तानेच्या वळणावर. या गृहस्थांनी काही न बोलता उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवली आणि ठेका धरला. एका जागी मन्सूरअण्णा असे काही आडवे घुसले की समेला पोचणार नाहीत असं वाटावं. गृहस्थांची बोटं थांबली, ते थोडे पुढे झुकले, आणि सम आली तेव्हा त्यांनी नुसता तळवा उलटा केला. बस, एवढंच. खोलीतल्या सगळ्यांना ती जागा दिसली. त्या बाजूत तबला काय सांभाळतोय, हे मला इतकी वर्षं तिच्यासमोर बसून कळलं नव्हतं, ते त्या बोटांकडे पाहून कळलं. कुठलंही कार्ट्रिज बदलून ते मिळालं नसतं.

जुन्या तबकड्या बंद खोलीत ध्वनिमुद्रित झाल्या. समोर श्रोते नाहीत, मान डोलत नाही, कुणी 'क्या बात है' म्हणत नाही. गाणाऱ्याला दाद मिळाली नाही, ती राहून गेली. आपण चौघं बसून तीच तबकडी ऐकतो आणि कुणाच्या तरी तोंडून नकळत 'अहाहा' निघतं, तेव्हा ती गायकापर्यंत पोचत नाही हे उघड आहे. ती शेजारच्याला पोचते. त्यानं न ऐकलेली जागा पुढच्या वेळी त्याला ऐकू येते. आपल्याकडे गाण्याचे कान असेच तयार होत आले आहेत. जपानमध्ये रेकॉर्ड ऐकण्याची उपाहारगृहं आहेत. तोक्योच्या शिबुया भागातलं 'लायन' १९२६ पासूनचं आहे. तिथे खुर्च्या स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि बोलायला मनाई. शिस्त मला आवडते, पण ती मंडळी एकत्र बसून एकेकटंच ऐकतात असं मला वाटतं. आपल्या बैठकीत माना एकमेकांना दिसल्या पाहिजेत. म्हणून आम्ही खुर्च्या अर्धवर्तुळात मांडतो.

बाकी आमची रीत साधी आहे. पाच-सहाच माणसं. बाजू लावली की संपेपर्यंत बोलायचं नाही, दाद सोडून. ज्यानं तबकडी आणली, त्यानं का आणली ते नंतर सांगायचं, आधी नाही, कारण आधी सांगितलं की सगळे तेवढंच शोधत बसतात. यंत्राविषयी चर्चा चहाच्या वेळी, हवी तितकी. मधली खुर्ची यजमानानं घ्यायची नाही. ती जो पहिल्यांदा आलाय त्याला. आणि शक्य तेव्हा मोनो ध्वनिमुद्रण निवडायचं आणि ते एकाच स्पीकरवर वाजवायचं. हे पुष्कळांना पटत नाही. एवढ्या महागाच्या जोडीतला एक स्पीकर बंद करायचा म्हणजे काय! करून पाहा. दोन्हींवर मोनो लावलं तर कडेला बसलेल्याला ते जवळच्याच स्पीकरमधून येतं. एकावर लावलं की गाणारा सगळ्यांसाठी एकाच जागी बसतो, दिवाणावरच्यासाठीही आणि दारातल्यासाठीही.

इथे समोर तसंच मांडलंय. एकच स्पीकर, मध्ये. थोड्याच वेळात एक पूर्ण बाजू ऐकू, वीस-बावीस मिनिटांची, आणि मग तुम्ही बोला.

त्याआधी एक विनंती. ठाण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या पडून आहेत. इमारती पुनर्विकासाला जातायत आणि त्या भंगारात निघतायत. तुमच्याकडे असतील तर पुढच्या वेळी घेऊन या, मी त्यांच्यासाठीची जाड सुई आणतो. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकडीची सुई त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, नुसती खरखर येते. पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर मऊ ब्रशनं झटका, हलक्या ओल्या फडक्यानं गोल पुसा आणि लगेच कोरडं करा. स्पिरिट मात्र लावू नका. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणताना एकावर एक आडव्या रचू नका, पिशवीत उभ्या ठेवा, मध्ये वर्तमानपत्र घाला.