नाइट ड्युटीतली दिवाळी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी तोंडावर आली आहे. पोरं किल्ल्यासाठी माती गोळा करायला लागली आहेत. बेळगावच्या गणपत गल्लीत आणि खडेबाजारात पाय ठेवायला जागा नाही. अशा दिवसांत मला दरवर्षी कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, एक डबा आठवतो. मी तो चुकीच्या टेबलावर ठेवला होता.

काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत आई घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बेळगावातल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर चंदगडची एक बाई होती, पलीकडे खानापूरकडची एक आज्जी. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाला मोठा दवाखाना म्हटलं की बेळगावच आठवतं. रात्रीच्या सिस्टर गोकाककडच्या होत्या. त्या कन्नडमधून विचारायच्या, "अव्वा, ऊटा आतेनु?" म्हणजे, आई, जेवण झालं का? आई मराठीतून सांगायची, "झालं की गं." दोघींचं कधी काही अडलं नाही.

नरकचतुर्दशीची पहाट झाली. बाहेर फटाके सुरू झाले होते. आईला कूससुद्धा बदलता येत नव्हती आणि ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. तेवढ्यात आया मावशी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी उटण्याची पुडी काढली. "आज्जी, आज आंघोळीचा दिवस की. हात तेवढा पुढं करा." दोन्ही तळहातांना त्यांनी उटणं चोळलं आणि कोमट पाण्यात फडकं बुडवून हात, पाय, तोंड पुसून काढलं. मग चंदगडच्या बाईंकडे वळल्या, तिथून खानापूरच्या आज्जींकडे. मावशी रात्री आठपासून उभ्या होत्या. त्यांची स्वतःची पोरं वडगावात त्यांच्याशिवाय अभ्यंगस्नान करत होती. आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

घरी सोडलं त्या दिवशी मी दोन किलो कुंदा आणला, रिसेप्शनवर ठेवला आणि "सगळ्यांना द्या" म्हणून निघाले. पुढे तपासणीला गेलो तेव्हा मावशी भेटल्या. कुंदा आवडला का, असं मी हौसेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठला कुंदा, अक्का?" डबा दिवसपाळीच्या ऑफिसातच संपला होता. आणि मावशींचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. ते मी त्या दिवशी विचारलं. इथे सांगत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही.

तेव्हापासून मी फराळ रात्री आठला नेते. त्या वेळी पाळी बदलते, जाणारे आणि येणारे दोघेही भेटतात. एकच मोठा डबा नेत नाही. चिवडा-शंकरपाळ्यांच्या छोट्या पुड्या बांधते आणि हातात देते. रखवालदार, लिफ्टवाले, धुण्याच्या खोलीतले लोक, स्ट्रेचर ओढणारे मामा, सगळ्यांना. रुग्णांना मात्र सिस्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, पथ्य असतं. पैसेही देऊ नका. सरकारी दवाखान्यात कामासाठी असे पैसे घेणं गुन्हा आहे, आणि एकदा ही सवय लागली की पुढच्या गरिबाच्या खाटेशी कुणी वेळेवर जात नाही.

द्यायचंच असेल तर पत्र द्या. वॉर्ड, तारीख, माणसाचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं, एवढं लिहून अधीक्षकांना द्या. एक प्रत त्या माणसाच्या हाती द्या. सफाईची आणि रखवालीची माणसं बऱ्याचदा ठेकेदाराकडची असतात. दवाखान्याची दिवाळी भेट वाटताना त्यांची नावं यादीत नसतात. ठेका संपला की पुढच्या कामासाठी दाखवायला त्यांच्याजवळ कागद नसतो. तुमचं पत्र तो कागद होतो.

दवाखाने चालवणाऱ्यांनाही कळकळीनं सांगते. मावशी रोज पिवळी पिशवी वेगळी करतात, त्यात रक्ताळलेली पट्टी असते. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, सुया पांढऱ्या डब्यात. एखादी सुई चुकून पिशवीत राहिली तर ती त्यांच्याच बोटात घुसते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार या कामगारांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं आणि वर्षातून एकदा तरी तपासणी करणं बंधनकारक आहे. मिठाईच्या पेटीआधी लस झाली का ते बघा. ठेकेदाराच्या माणसांचीही बघा.

आणखी एक. सुट्ट्यांत कॉलेजची मुलं गावी जातात आणि रक्तपेढीतल्या पिशव्या कमी होतात. अपघात आणि बाळंतपणं काही सुट्टी घेत नाहीत. प्लेटलेट्स तर 5 दिवसच टिकतात, त्या आधी साठवून ठेवता येत नाहीत. वय 18 च्या पुढे, वजन 45 किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर पाडव्याच्या सकाळी रक्तपेढीत जाऊन या. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

यंदाही चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी जाणार आहे. पुड्या बांधून झाल्या आहेत. मावशींची ड्युटी आता वरच्या मजल्यावर लागते, तेवढं विचारून ठेवलं आहे.

नमस्कार.