आयलेट्स काढताना नेमकं थांबायचं कधी?

(टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलांचे पालक आणि लाइफ सायन्सचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडंसं संपादित)

डुकराचे अवयव माणसात बसवायचं म्हटलं की सगळे लगेच जीन एडिटिंगवर येतात. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय माणसाला बसवलं, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणं, आणि व्हायरस हे प्रश्न मोठेच आहेत, पण आज मला त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलायचंय. ती पायरी बिघडली तर पुढचं कुठलंच जीन एडिटिंग उपयोगाला येत नाही. टाइप १ डायबेटिसच्या माणसाला द्यायच्या आयलेट्स डुकराच्या स्वादुपिंडातून, म्हणजे पॅनक्रियाजमधून, जिवंत आणि अख्ख्या बाहेर काढायच्या, ही ती पायरी.

आयलेट्स म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके. पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा वर्णन केले. अख्ख्या पॅनक्रियाजमध्ये त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के, बाकी सगळा पाचक रस बनवणारा भाग, आणि तो रस सांडला की आयलेट्सनाच खायला उठतो. डुक्करच का, असं पालक नेहमी विचारतात. एकतर डुकराचं इन्सुलिन आणि आपलं इन्सुलिन यात फरक फक्त एका अमिनो आम्लाचा, आपल्याकडच्या जुन्या पेशंट्सनी वर्षानुवर्षं तेच टोचून घेतलंय. शिवाय डुकराची साखर साधारण आपल्याच रेंजमध्ये असते, आणि मृत दात्यांची पॅनक्रियाज तर कधीच पुरणार नाहीत.

आता काम कसं चालतं ते सांगते. पॅनक्रियाज काढल्या काढल्या थंड करायचं, रक्तपुरवठा तुटल्यावर उबेत गेलेलं प्रत्येक मिनिट नुकसानच करतं, म्हणून कत्तलखान्यातून आणलेल्या पॅनक्रियाजचे हाल असतात. मग डक्टमध्ये, म्हणजे ग्रंथीतला रस बाहेर नेणाऱ्या वाहिनीत, नळी घालून कोलाजिनेजचं, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं कोलाजेन पचवणाऱ्या एन्झाइमचं, थंड द्रावण भरायचं, ग्रंथी फुगते आणि एन्झाइम सगळीकडे पोचतं. हे एन्झाइम क्लॉस्ट्रिडियम नावाच्या बॅक्टेरियापासून मिळवतात, आणि त्याची एक बॅच दुसरीसारखी नसते, गेल्या महिन्यात उत्तम चाललेली रीत नव्या बॅचला अजिबात लागू पडत नाही. यानंतर तुकडे रिकॉर्डी चेंबरमध्ये जातात. हे स्टीलचं भांडं, आत गोळ्या आणि जाळी, कोमट द्रावण गोल फिरत राहतं. कॅमिलो रिकॉर्डी अमेरिकेत सेंट लुईसला पॉल लेसींच्या लॅबमध्ये होते तेव्हा १९८६ मध्ये त्यांनी डुकराच्या आयलेट्स मोठ्या प्रमाणावर काढायची पद्धत छापली, माणसाच्या आयलेट्सची ऑटोमेटेड पद्धत त्यानंतर, १९८८ मध्ये आली. म्हणजे या कामात डुक्कर आधी होतं, हे आज फारसं कुणी सांगत नाही!

चेंबर सुरू झालं की दर एक-दोन मिनिटांनी सॅम्पल काढायचं, त्यात डायथायझोन नावाचा रंग टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. इन्सुलिनसोबत साठलेल्या झिंकमुळे आयलेट्स लाल दिसतात, बाकी सगळं फिकट पिवळसर. लाल ठिपका अजून पिवळ्या टिश्यूत रुतलेला असेल तर पचवणं थांबवायचं नाही. लाल ठिपके सुटे दिसायला लागले की थांबायची वेळ आलीच, थंड मीडियम ओतून एन्झाइम पातळ करायचं, ताबडतोब. माणसाच्या आयलेटभोवती कोलाजेनचं बऱ्यापैकी आवरण असतं, त्यामुळे दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी निभतं, पण डुकराच्या आयलेटला ते आवरण फार विरळ, कुठेकुठे नसतंच, मग जास्त पचवलं की पुंजका फुटून सुट्या पेशींचा लगदा होतो आणि कमी पचवलं तर आयलेट टिश्यूतच अडकून राहते, पुढे डेन्सिटी ग्रेडियंटवर, म्हणजे कमी-जास्त घनतेच्या द्रावणांच्या थरांत हलकं-जड वेगळं करताना, ती जड पडते आणि कचऱ्याबरोबर निघून जाते. डाळिंबाचे दाणे न फोडता सोलायचे, पण सालही पातळ आणि दाणेही पिकलेले, अशी ही स्थिती आहे. म्हणून चेंबर जोरात हलवायचं नाही, तापमानही पुष्कळ जण ३७ च्या जरा खालीच ठेवतात.

डुकराचं वय इथे फार महत्त्वाचं ठरतं. मटणासाठी वाढवलेलं सहा महिन्यांचं डुक्कर स्वस्त मिळतं, पण त्याच्या आयलेट्स लहान आणि सगळ्यात नाजूक. दोन वर्षांपुढची, पिल्लं देऊन झालेली मादी घेतली तर आयलेट्स मोठ्या आणि टिकाऊ निघतात. मला विचाराल तर निम्मं यश डुक्कर निवडतानाच ठरतं. दुसरा रस्ता कॅनडातल्या एडमंटनच्या ग्रेग कॉर्बटनी १९९६ मध्ये दाखवला. एक ते तीन दिवसांची पिल्लं घ्यायची, पॅनक्रियाजचे बारीक तुकडे करून थोडा वेळच पचवायचं, मग नऊ दिवस कल्चर, म्हणजे पोषक द्रावणात ठेवून द्यायचं. नको त्या पेशी तिथेच मरतात, ग्रेडियंटची गरजच पडत नाही, एका पिल्लातून साधारण पन्नास हजार पुंजके मिळतात. अडचण एवढीच की ते कच्चे असतात, पूर्ण इन्सुलिन द्यायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

एक पालक विचारतायत, हे लागू तरी पडतं का? हो, माकडांमध्ये. २००६ मध्ये मिनेसोटाच्या बर्नहार्ड हेरिंग यांच्या गटाने मोठ्या डुकरांच्या आयलेट्स डायबेटिक माकडांना दिल्या आणि काही माकडं शंभर दिवसांहून जास्त इन्सुलिनशिवाय राहिली. मात्र त्यासाठी रोगप्रतिकारशक्ती दाबणारी तगडी औषधं द्यावी लागली, आणि तुमच्या मुलांना ती इतक्या सहज देता येणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. आज ही ट्रीटमेंट म्हणून मिळत नाही, कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर तिथून निघून या.

हिशोबही बघा. मृत दात्याच्या आयलेट्स देताना वजनाच्या किलोमागे साधारण दहा हजार आयलेट्स लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पाच लाख. डुकराच्या आयलेट्स ग्लुकोज दिल्यावर माणसाच्या आयलेट्सपेक्षा कमी इन्सुलिन सोडतात, शिवाय पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत, सोडल्या की रक्ताशी गाठ पडताच बऱ्याच मरतात, त्यामुळे आकडा आणखी वर जातो आणि एका माणसासाठी एका डुकरावर भागेल असं धरून चालता येत नाही. ही डुकरं रोगमुक्त, गाळलेल्या हवेच्या गोठ्यात वाढवलेली असावी लागतात, एकेकीवर दोन-दोन वर्षं खर्च होतो. तेव्हा विद्यार्थ्यांनो, लॅबमध्ये सॅम्पल बघायची ड्युटी नवख्यावर ढकलू नका, तिथे सगळ्यात अनुभवी डोळा बसवा आणि नवख्याला त्याच्या शेजारी बसवा.