हाक आणि तिचे रूप

श्रोतेहो, मी 'श्रोत्यांनो' असे म्हणून सुरुवात केली असती, तर व्याकरणाची काहीच हरकत नव्हती; पण तुमच्यापैकी अनेकांच्या कानाला ते थोडे खटकले असते, आणि आज मला त्या खटकण्याविषयीच बोलायचे आहे. 'नो' हा संबोधनाचा अनेकवचनी प्रत्यय सामान्यरूपाला, म्हणजे प्रत्ययाआधी नामाच्या होणाऱ्या बदललेल्या रूपाला, लागतो, म्हणून 'श्रोते'चे आधी 'श्रोत्यां' होते. 'हो' मात्र 'श्रोते' हे रूप तसेच ठेवून त्याच्यापुढे येतो. शिक्षक वर्गात 'मुलांनो' म्हणतात, वक्ता सभेत 'सज्जनहो' म्हणतो. (अलीकडे सर्रास दिसणारे 'मित्रानों' मात्र चूकच, अनुस्वार सामान्यरूपाचा आहे, 'मित्रांना', 'मित्रांनी' यांतला तोच.)

शाळेच्या तक्त्यात संबोधन आठवे असते. बाकीच्या विभक्ती नामाचे वाक्यातील इतर शब्दांशी असलेले नाते सांगतात. 'मुला, दार लाव' यातला 'मुला' काढला तरी वाक्य पुरे राहते, आणि म्हणूनच त्याच्यानंतर स्वल्पविराम येतो. पाणिनीने तर संबोधनाला वेगळी विभक्ती मानलेच नाही. 'सम्बोधने च' एवढ्या सूत्राने त्याने ते प्रथमेत घातले. मात्र त्याच्या उच्चाराकडे त्याने बारकाईने पाहिले. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तातील चौथी ऋचा 'अग्ने' या हाकेने सुरू होते, आणि तिथे 'अ' उदात्त, म्हणजे चढ्या सुरात म्हणायचा, आहे. सातव्या ऋचेत 'उप त्वाग्ने' असा तोच शब्द मध्ये आला की त्याचा उदात्त जातो. 'आई, ऐक ना' आणि 'ऐक ना, आई' हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मला त्यांतही तोच चढउतार ऐकू येतो.

मराठीत एकवचनी संबोधनाला प्रत्यय नाही. सामान्यरूप हीच हाक. देव-देवा, पाखरू-पाखरा, मुलगी-मुली. विशेषनामांत हे मागे पडत चालले आहे, 'सुरेशा' अशी हाक शहरात क्वचितच ऐकू येते, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. पण संबोधन मराठीतून चालले असे म्हणणाऱ्यांनी कॉलेजच्या कट्ट्यावर थोडा वेळ उभे राहावे. तिथे घडोघडी ऐकू येणारे 'भावा' हे 'भाऊ'चे अस्सल संबोधन आहे, 'भावाला', 'भावाने' यांतले तेच सामान्यरूप. तीच मुले वडीलधाऱ्या माणसाला मात्र 'अहो भाऊ' म्हणतात. काका, दादा, आजोबा, गुरुजी हेही हाकेत जसेच्या तसे राहतात. मूळ रूप राखले की अदब, बदलले की सलगी: 'श्रोतेहो' आणि 'श्रोत्यांनो' यांतला फरक हाच, आणि तो कोणी शिकवल्याशिवाय सांभाळला जातो.

देवाशी मराठी माणसाने सलगीच पत्करली. आरतीतले 'जय देव' हे संस्कृत वळणाचे संबोधन, तिथे 'देव' बदलत नाही. गाऱ्हाणे घालताना मात्र तोंडून 'देवा' निघते. आणि 'येई हो विठ्ठले' यात तर लिंगही बदलले आहे. गंगा-गंगे, सीता-सीते या स्त्रीलिंगी वळणाने विठ्ठलाचा 'विठ्ठले' झाला, कारण पुढचाच शब्द 'माझे माउली' असा आहे, आणि विटेवर उभ्या असलेल्या त्या पुरुषदेवतेला आरती करणारा आई म्हणून बोलावतो आहे.