किंमत, शिक्का, तारीख : अमेरिकेची तिकिटं वाचताना

अमेरिकेचा इतिहास टपाल तिकिटांवरून सांगायचा म्हटलं की आपण लगेच अल्बम उघडतो. हा वॉशिंग्टन, हा कोलंबस, हे रेल्वेचं इंजिन. पण चित्रावर फार विसंबू नये, मंडळी. १८९३च्या कोलंबस मालिकेत एक सेंटच्या तिकिटावर कोलंबसाला दुरून जमीन दिसते, तेव्हा त्याचा चेहरा गुळगुळीत आहे. दोन सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्याला उतरतो, तर चांगली भरघोस दाढी! १८९८च्या मालिकेतल्या एक डॉलरच्या तिकिटावर अमेरिकेच्या पश्चिमेकडची गुरं वादळात सापडलेली दाखवली आहेत. मूळ चित्रातली गुरं मात्र स्कॉटलंडची.

चित्रातून कळतं ते सरकारला काय मिरवायचं होतं एवढंच. घडलेलं पाहायचं तर अख्खं पाकीट हवं. म्हणून जुनं तिकीट पाकिटावरून पाण्यात भिजवून सोडवू नका. आधी शिक्क्यातलं गाव वाचा, मग तारीख, मग भरलेला दर. चित्र सगळ्यात शेवटी.

१ जुलै १८४७ रोजी अमेरिकेची पहिली सार्वत्रिक तिकिटं निघाली : पाच सेंटचा फ्रँकलिन आणि दहा सेंटचा वॉशिंग्टन. अर्ध्या औंसाच्या पत्राला ३०० मैलांपर्यंत पाच, त्यापुढे दहा. कडांना छिद्रं नव्हती, तिकिटं कात्रीने कापावी लागत. त्यामुळे चारही बाजूंना पांढरी कड शिल्लक असलेल्या प्रतीला आज जास्त भाव येतो. बरीच तिकिटं पेनाच्या रेघेने रद्द केलेली असत. ती शाई रसायनाने काढून ‘कोरं तिकीट’ म्हणून विकण्याची लबाडी जुनीच आहे. अतिनील दिव्याखाली पुसलेली रेघ बऱ्याचदा पुन्हा दिसते.

खरा मजकूर आहे १८६१चा. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि यादवी युद्ध पेटलं, तेव्हा दक्षिणेतल्या पोस्टांत राजधानी वॉशिंग्टनहून आलेल्या तिकिटांचे साठे पडून होते. ते उत्तरेत विकून रोकड उभी करणं बंडखोरांना सहज जमलं असतं. म्हणून उत्तरेच्या सरकारने जुनी तिकिटंच रद्दबातल केली आणि नवी मालिका छापली. स्थानिक वर्तमानपत्रात सूचना द्यायची, सहा दिवस जुन्याच्या बदल्यात नवी द्यायची, मग जुनी बंद. नवी तिकिटं प्रत्येक गावात वेगळ्या दिवशी पोचली, त्यामुळे जुन्यांची मुदतही गावोगाव वेगळी संपली. १८६१च्या शरदातलं पाकीट तपासताना गावाचं नाव यासाठीच लागतं.

दक्षिणेने १ जूनला टपालखातं हातात घेतलं खरं, पण स्वतःची तिकिटं ऑक्टोबरपर्यंत तयार नव्हती. मधल्या काळात कुठे पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटं छापली, कुठे ‘पैसे भरले’ असा नुसता ठसा उमटवला. मग आलं हिरवं पाच सेंटचं तिकीट, रिचमंडला शिळाछापावर काढलेलं. त्यावर जेफरसन डेव्हिस, दक्षिणेचा हयात आणि पदावर असलेला अध्यक्ष! पत्राचा दर ५०० मैलांपर्यंत पाच सेंट, पुढे दहा. १ जुलै १८६२पासून अंतर कितीही असो, दहा. म्हणजे त्यानंतरच्या परगावच्या साध्या पत्रावर हे हिरवं तिकीट जोडीने हवं. एकटंच दिसलं तर दुसरं गळलंय, किंवा तिकीट मागाहून चिकटवलंय, असा संशय घ्या. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरते का, ते भिंगाखाली बघा. कागदही बघा. दक्षिणेत कागदाचा इतका तुटवडा झाला की आलेलं पाकीट उलटून पुन्हा वापरत, भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाची पाकिटं करत.

उत्तरेत १८६२मध्ये नाणीच चलनातून गायब झाली आणि लोक तिकिटं सुट्ट्या पैशांसारखी वापरू लागले. डिंकामुळे ती खिशात चिकटत. जॉन गॉल्टने तिकीट पितळी डबीत अभ्रकाखाली बसवायचं पेटंट घेतलं, आणि डबीच्या मागच्या बाजूला व्यापाऱ्यांच्या जाहिराती आल्या.

हीच किंमत वाचायची सवय विसाव्या शतकातही कामी येते. शीतयुद्धात, १९५७ ते १९६१, अमेरिकेने ‘स्वातंत्र्याचे कैवारी’ म्हणून परदेशी नेत्यांची मालिका काढली. हंगेरीचा कोशुत, चेकोस्लोव्हाकियाचा मासारिक, पोलंडचा पादेरेव्स्की. ही निवड सोव्हिएत रशियाला टोचावी म्हणून होती हे उघड आहे. २६ जानेवारी १९६१ रोजी त्यात महात्मा गांधी आले, चार आणि आठ सेंटच्या दोन तिकिटांवर. चार सेंट हा तेव्हा देशांतर्गत पत्राचा दर होता. आठ सेंटचं तिकीट परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होतं.