उजनीच्या होडीवरची बारा व्होल्ट

(दृश्य: पहाट. करमाळ्याच्या बाजूचा उजनीचा काठ. मामा होडीत जाळं रचतायत.)

उजनीच्या पाण्याखाली गावं आहेत. १९८० मध्ये धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं मागं फुगत गेलं आणि घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, शेतांचे बांध होते तिथंच राहिले. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजूनही वर येतं. धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं ६३ च्या आसपास मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी. उन्हाळ्यात 'उजनी वजा' अशी बातमी येते, तेव्हा हाच साठा खाली जात असतो. शहरात त्या बातमीनं नळाची काळजी लागते. इथं काळजी जाळ्याची. महिन्यापूर्वी जी भिंत खोल होती, ती आता जाळ्याला फाडायला वर आलेली असते.

म्हणून मामांच्या होडीवर फिश फाइंडर आहे. नाव माशांचं असलं तरी मामा त्यात आधी तळ बघतात. होडीच्या मागच्या बाजूला पाण्यात बुडवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचे ठोके खाली सोडतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो. तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पडद्यावर खोली उमटते. चिलापीचा थवा दिसला तर बरंच.

(दृश्य: फळीखालून मामा एक काळी बॅटरी काढतात.)

"मामा, ही बॅटरी कुठली?"

"फवारणीच्या पंपाची. डाळिंबाला औषध मारायचा पंप मोडला, बॅटरी चांगली हाय. टाकून कशाला द्यायची?"

उत्तर चोख आहे. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअरनं ओढली तर साधारण आठ तास पुरेल एवढी. होडीचं इंजिन दोरी ओढून चालू होतं, त्यामुळे बॅटरी चार्ज करून देणारं त्यात काही नाही. घरून जेवढी वीज भरून आणली, तेवढीच पाण्यावर.

हिशोब मामांच्या बोटांवर मावतो. पाच इंची पडदा साधारण अर्धा अँपिअर खातो. ५ वॅटचा एलईडी दिवा ०.४. मोबाईल चार्जिंगला लावला तर जवळजवळ एक. सहा तासांच्या फेरीत पडदा सहा तास, दिवा तीन, मोबाईल दोन, म्हणजे सहा अँपिअर-अवरच्या थोडं वर. आठातून सहा गेले तरी दोन उरतात, मग अडचण कुठं? अडचण शिशात आहे. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली, की तिचं आयुष्य भराभर कमी होतं. म्हणून आठातले चारच आपले धरायचे. या फेरीला थोडी शिल्लक ठेवून शिशाची १८ अँपिअर-अवरची लागेल, पाचेक किलोची. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ ची पुरते, आणि ती दीडेक किलोत येते.

"लिथियम महाग पडतंय की," मामा म्हणतात. पडतंच. शिशाची घेऊन दर थोड्या वर्षांनी बदलायची, हाही शहाणपणाचा व्यवहार आहे. दुकानदार काहीही सांगो.

मोजायच्या बाबतीत दोघींचा स्वभाव उलटा. शिशाची बॅटरी विसावलेली असताना मीटर लावला, तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. लिथियमची मात्र १३ च्या वर तशीच बसून राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्या व्होल्टवर विसंबलेला माणूस पाण्याच्या मध्यावर अंधारात राहतो. चार्जरही तिचा वेगळा लागतो, शिशाचा जुना चार्जर तिला लावायचा नाही.

(दृश्य: जवळून. पिळून जोडलेली वायर, वर सुटत आलेली टेप.)

आता खरी दुखरी जागा. बॅटरीपासून पडद्यापर्यंत तीन मीटर वायर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून दोन अँपिअर ओढले, की वाटेतच जवळजवळ अर्धा व्होल्ट जिरतो. लांब ठिबकाच्या शेवटच्या तोटीला दाब उरत नाही, तसंच. बॅटरी निम्म्यावर असताना मशीन बंद पडलं, की मामा बॅटरीला दोष देतात. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तोटा ०.१५ व्होल्टवर येतो. पिळलेल्या सांध्याऐवजी वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला लग (धातूचा कान), त्याच्यावर उष्णतेनं आवळणारी नळी, टर्मिनलवर व्हॅसलिनचा हात. उजनीचं पाणी गोडं, समुद्राइतकं तांबं खात नाही, पण ओल ती ओलच.

आणि फ्यूज. मामांच्या होडीत तो नाही. आजूबाजूच्या होड्यांतही आम्हाला दिसला नाही. एवढ्याशा बॅटरीत काय आग लागणार, असं सगळ्यांना वाटतं. पण ८ अँपिअर-अवरची बॅटरी थेट शॉर्ट झाली, तर क्षणभर शंभर अँपिअरच्या घरात करंट सोडू शकते. वायर लाल होते, प्लास्टिक पेटतं. त्यात होडी फायबरची, आणि शेजारी इंधनाचा कॅन.

(दृश्य: आमच्या बरोबर आलेला टेंभुर्णीचा वायरमन फ्यूज बसवतो.)

वायरमन पॉझिटिव्हच्या टोकापासून वीतभराच्या आत १० अँपिअरचा लाल फ्यूज बसवतो. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. पडद्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर फ्यूजविना उघडी राहिली. पडद्याला पुढं त्याचा वेगळा, ३ अँपिअरचा जांभळा.

मोबाईलच्या चार्जरनं वेगळाच ताप दिला. स्वस्तातला यूएसबी चार्जर लावला, की पडद्यावर मुंगीसारखे ठिपके. मासे नव्हेत ते, चार्जरचा गोंगाट. आता चार्जरला स्वतंत्र स्विच आहे, आणि ट्रान्सड्यूसरची केबल विजेच्या वायरींपासून लांबून नेली आहे. ती केबल लांब वाटली तरी कापायची नाही, गुंडाळून ठेवायची.

(दृश्य: दुपार. तापलेला काठ.)

सोलर पॅनेलचं सगळेच सुचवतात. २० वॅटचं पॅनेल आणि मधे बॅटरीला सोसेल तेवढीच वीज सोडणारा चार्ज कंट्रोलर, दिवसाला चारेक अँपिअर-अवर सहज मिळावेत. सोलापुरात ऊन्हाचा तुटवडा नाही. पण तेच ऊन्ह बॅटरीवर पडतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, आणि बंद काळ्या डब्यात त्याच्याही वर. बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या ४५ अंशांपुढे चार्ज करायच्या नसतात. आतलं संरक्षण सर्किट चांगलं असेल तर चार्जिंग तोडून टाकतं आणि माणूस पॅनेल बिघडलं म्हणून तक्रार करतो. शिशाची मुकाट्यानं सोसते आणि लवकर मरते. म्हणून पॅनेल उन्हात, बॅटरी फळीखाली सावलीत, पांढऱ्या डब्यात. डबा होडीच्या मध्यावर, तळाशी, पट्ट्यानं आवळून. आणि शिशाची असेल तर हवा जायला भोकं, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो.

होडी काठावर ओढून ठेवायची झाली, की शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरायची. लिथियमची निम्म्यावर ठेवली तरी चालते, फक्त वायर सोडवून. मामांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंपाची बॅटरी काढून टाकू का?" वायरमन म्हणाला, "नको. दिव्याला तीच चालू द्या, पडद्याला दुसरी घ्या."